मदत हवी आहे: उपग्रहाच्या फोटोत झाडं कुठली आणि गवत कुठलं?

नमस्कार मंडळी, शेताला लागून असलेल्या पडीक तुकड्यावर आम्ही मिश्र रोपं लावलीयेत आणि ती जगतायत का हे बघायला मी सेंटिनेल-२ उपग्रहांचे फुकट मिळणारे फोटो वापरतोय, साधारण ५ दिवसांनी नवीन फोटो येतो ते भारीच आहे, पण त्याचा एक पिक्सेल १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे गुडघ्याएवढी रोपं, मधलं गवत, उघडी माती सगळं त्यात एकत्रच येतं. पाऊस पडला की एनडीव्हीआय (फोटोवरून काढलेला हिरवळीचा आकडा) झपकन वर जातो, मी खुश होऊन बघायला जातो तर कमरेएवढं गवत, आणि ते बाजूला सारलं की खाली रोप पिवळं पडलेलं, शेंडा वाळलेला. जीव तुटतो हो.

आता वाटतंय की गवत वाळल्यावरचे, कोरड्या दिवसांतलेच फोटो दरवर्षी ताडून बघावेत. पण पानगळीची झाडं तेव्हा उघडी असतात, त्यांचं काय करायचं? कुणी केलंय का असं? की ड्रोननेच रोपं मोजू?

अजून एक, मातीतली ओल मोजायला दोन दांड्यांचे साधे सेन्सर लावले होते, ते गंजून काहीही आकडे द्यायला लागले. कपॅसिटिव्ह सेन्सरमध्ये (ज्यात धातू मातीला थेट लागत नाही) गंजायचा त्रास कमी हे माहितीये, पण वरचं सर्किट ओलीपासून कसं झाकता आणि आपापल्या मातीसाठी कॅलिब्रेट कसं करता, म्हणजे सेन्सरचा आकडा खऱ्या ओलीशी कसा जुळवता? जिथं खरंच तहान लागलीये तिथंच पाणी द्यायचंय.