दुधी काच घरी घासायची की आयती आणायची?

भातेवाला:
४×५ इंची फिल्मच्या कॅमेऱ्याची फोकसिंगची काच (मागची दुधी काच, जिच्यावर चित्र बघून फोकस करतो) फुटली म्हणून गेल्या आठवड्यात घरीच नवी केली. आता माझं ठाम मत झालंय, ही विकत आणायची वस्तूच नाही. २ मिमीची साधी काच, चमचाभर कार्बोरंडमची (घासायच्या कडक कणांची) पूड, थोडं पाणी आणि घासायला काचेचाच एक छोटा तुकडा. कडा आधीच बोथट करून घ्या, नाहीतर टवका उडून पुडीत मिसळतो आणि ऐन मध्यावर ओरखडा उठतो. मग २२० नंबरची पूड, त्यानंतर ४०० ची (नंबर मोठा तितकी पूड बारीक). पाऊण तासात दुधी काच तयार. पहिलंच निगेटिव्ह एफ २२ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून काढलं, एकदम धारदार!

उलटं_जग:
तुझं झालं ते नशीब. माझ्या दोन काचा फुटल्या, तिसरी कशीबशी जमली. हाताने घासताना मध्यावर दाब पडतो आणि कोपरे राहून जातात. दिव्याखाली तिरकी धरून बघ, चकाकणारे ठिपके दिसतील. आयत्या काचेत ही कटकट नाही. आणि सुट्टीच्या दिवशी मला फोटो काढायचे असतात, काच नाही घासायची.

भातेवाला:
ठिपके दिसले की अजून पाच मिनिटं घासायचं! त्यात रडण्यासारखं काय आहे?

काळं_कापड:
रडण्यासारखं तुझं २२० आहे. कोऱ्या काचेला थेट ४०० ची पूड पुरते. २२० ने पाडलेले खड्डे घालवण्यातच तुझा निम्मा वेळ गेला असणार.
पण ६०० पेक्षा बारीक पुडीकडे मी सहसा जात नाही. काच जितकी बारीक पुडीने घासलेली, तितका प्रकाश कमी पसरतो, सरळच पुढे निघून जातो. मध्यभाग लख्ख दिसतो आणि ९० मिमीच्या वाइड लेन्सवर कोपरे काळे पडतात. ४०० च्या काचेवर एकूण उजेड कमी, पण कोपरे दिसतात.

उलटं_जग:
६०० बारीक? माझी ६०० चीच आहे. भिंग लावलं की नुसत्या रेघोट्या दिसतात.

काळं_कापड:
पूड वापरलीस की कागद?

उलटं_जग:
कागद. पॉलिश पेपर. काय फरक पडतो?

काळं_कापड:
मग वाद मिटला. कागदावरचा ६०० आणि पुडीचा ६०० हे वेगळे. पी ६०० कागदाचा कण साधारण २६ मायक्रॉनचा, एफ ६०० पुडीचा जेमतेम ९. शिवाय कागदावरचा कण चिकटलेला असतो, तो काचेला ओरबाडतो. सुटा कण दोन काचांमध्ये गडगडत जातो आणि बारीक बारीक खड्डे पाडतो. आपल्याला ते खड्डे हवेत.

उलटं_जग:
बरं, हे मान्य. पण म्हणजे मी म्हणत होतो तेच ना? इतक्या खाचाखोचा असतील तर आयती आणलेली बरी.

काळं_कापड:
आयती आणलीस तरी ती बसवणार तूच. घासलेली बाजू लेन्सकडे यायला हवी, फिल्म नेमकी त्याच पातळीत येते. काचेची जाडी त्यामुळे हिशोबातच येत नाही. २ मिमीची काच उलटी बसली तर फोकस सुमारे १.३ मिमी चुकतो. एफ २२ वर ते खपून जातं, कळतही नाही. एफ ५.६ वर, छिद्र मोठं ठेवून पोर्ट्रेट काढा, मग डोळ्यांऐवजी कान धारदार येतात.

भातेवाला:
एक मिनिट. बघून येतो.

उलटं_जग:
😄

भातेवाला:
घासलेली बाजू बाहेर होती. चार स्क्रू काढून उलटी केली. काच मात्र मी घरचीच ठेवणार.