नवीन बॉलिंग बॉलचं ड्रिलिंग : जळगावहून एका फेरीत काम कसं उरकावं?

तापीकाठचा
राम राम मंडळी. १४ पौंडी रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन (लेन जास्त पकडणाऱ्या कवचाचा) बॉल घेतलाय, सिमेट्रिक कोअर (आतला जड गाभा सगळ्या बाजूंनी सारखा), भोकं अजून पाडलेली नाहीत. बॉक्सवर पिन (बॉलवरचा रंगीत ठिपका) ३ ते ४ इंच आणि टॉप वेट (वरच्या बाजूचं जास्तीचं वजन) अडीच ते तीन औंस असं छापलंय. उजवा हात, हुक (बॉल वळवून टाकणं) शिकतोय, आतापर्यंत सगळा खेळ मॉलमधल्या १२ पौंडी बॉलवर. जळगाव-धुळ्याकडे ड्रिल करून देणारं कुणी मला सापडलं नाही, म्हणजे पुणे नाहीतर मुंबई. दोनदा जाणं परवडत नाही. तिथे जाऊन नेमकं काय सांगायचं? व्हिडिओत सगळे ‘पिन वर ठेवा’ म्हणतात, तेच सांगू का? आणि एमआयडीसीत मित्राचं वर्कशॉप आहे, चांगलं पिलर ड्रिल आहे. त्यावरच पाडली भोकं तर?

भरीत_भाकरी
पिलर ड्रिलना नाद सोड भो.

दहावी_पिन
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्यातच बॉल वाया जातो.

बॉलचं भोक नुसतं ‘खाली सरळ’ नसतं. भोकाचा अक्ष बॉलच्या केंद्रातून गेला तर त्याला शून्य पिच म्हणतात. तो केंद्राला ३/८ इंचाने चुकवून गेला तर ३/८ पिच. अंगठ्याचं भोक आत तळव्याच्या दिशेला झुकलं तर फॉरवर्ड, उलट झुकलं तर रिव्हर्स, शिवाय डावी-उजवीकडची लॅटरल पिच वेगळी. तिन्ही भोकांची पिच निरनिराळी असते आणि हिशोब १/१६ इंचात, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास चालतो. ड्रिल करणाऱ्यांकडे बॉल धरायचा खास जिग असतो, तो या मापाने सरकवता येतो. पिलर ड्रिलच्या टेबलावर साडेआठ इंची गोळा रबरी रिंगमध्ये बसवला की बिट टेकताक्षणी तो जरासा फिरतो. भोक दिसायला छान येतं, पण अक्ष कुठे गेला ते कुणालाच कळत नाही. कळतं ते तिसऱ्या गेमला, अंगठा अडकायला लागला की.

मित्राकडे मिलिंग मशीन असेल, टेबल मोजून सरकवता येत असेल आणि बॉल घट्ट धरणारा कप बनवायची तयारी असेल, तर जुन्या प्लास्टिक बॉलवर हौस भागवा. नव्या रिअ‍ॅक्टिव्हवर नको.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही लेआउटचं, म्हणजे पिन कुठे ठेवून भोकं पाडायची त्याचं, विचारताय, पण पैसे खरे वसूल होतात ते फिटमध्ये. हाताला न बसणाऱ्या बॉलवर लेआउट कितीही भारी काढा, हात तो बॉल घट्ट दाबून धरणार. दाबून धरलेला बॉल दर वेळी वेगळा सुटतो.

फिंगरटिप ग्रिप घ्या. मॉलच्या बॉलमध्ये मधलं बोट आणि अनामिका दुसऱ्या पेरापर्यंत जातात (ही कन्व्हेन्शनल ग्रिप), फिंगरटिपमध्ये फक्त पहिल्या पेरापर्यंत. अंगठा आधी निघतो, बोटं नंतर, आणि फिरकी त्या मधल्या क्षणात मिळते. स्पॅन, म्हणजे अंगठ्याच्या भोकापासून बोटांच्या भोकापर्यंतचं अंतर, तपासायची पद्धत अशी : अंगठा बुडापर्यंत आत घाला, बोटं न वाकवता भोकांवर आडवी टाका. पहिल्या पेराची रेघ भोकाच्या अंगठ्याकडच्या कडेवर किंवा किंचित पुढे पडली पाहिजे. दोन्ही बोटांचा स्पॅन वेगळा निघतो, एकच माप दोन्हींना लावणारा भेटला तर उठून या.

स्पॅन लांब झाला तर अंगठ्याच्या बुडाशी कातडी सोलते आणि बोटांच्या शिरा ओढल्यासारख्या दुखतात. आखूड झाला तर बॉल हातातून पडेल असं वाटतं, मग अंगठा सांध्यात वाकवून आपण तो पकडतो आणि सांध्याच्या मागच्या बाजूला फोड येतो. म्हणून फोड कुठे आला त्याचा फोटो काढून ठेवा. ड्रिल करणाऱ्याला तुमच्या वर्णनापेक्षा तो जास्त सांगतो.

यावल_स्पेअर
दादांनी पिच सांगितली, त्यात भर. ढोबळ नियम असा की स्पॅन जितका लांब तितकी अंगठ्याला रिव्हर्स जास्त लागते, कारण ताणलेला अंगठा पुढे झुकलेल्या भोकातून लवकर निघत नाही. पण अंगठा मागे किती वाकतो हे प्रत्येकाचं वेगळं. ताठ अंगठ्याला आणि लवचिक अंगठ्याला सारखंच माप दिलं की एकाचा बॉल अडकतो आणि दुसऱ्याचा गळतो. तेव्हा अंगठा मागे वाकवून न पाहता मशीनकडे वळणाऱ्याला थांबवा.

कडा विसरू नका. भोकाच्या तोंडाची कड गोल घासतात तिला बेव्हल म्हणतात. पाच मिनिटांचं काम, पण निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. ‘भोक घट्ट वाटतंय’ म्हणून मोठं करायला जाऊ नका, आधी कड घासून घ्या. एकदा वाढवलेलं भोक टेपने भरता येतं, पण गोलाई बिघडली की स्लग बदलावा लागतो.

तापीकाठचा
स्लग म्हणजे? आणि बोटांच्या भोकात रबर असतं ते घ्यायचं का?

यावल_स्पेअर
स्लग म्हणजे अंगठ्याच्या मोठ्या भोकात चिकटवायचा सव्वा इंची (किंवा १ ३/८ इंची) प्लास्टिकचा दंडगोल. त्यात तुमच्या मापाचं भोक पाडतात. फायदा हा की अंगठ्याचं माप चुकलं तर स्लग काढून नवा बसवायचा, बॉलला हात लावायचा नाही. शिवाय प्रत्येक बॉलमध्ये अंगठ्याला सारखंच प्लास्टिक लागतं. बदलता येणारे अंगठेही मिळतात, फिरवून काढायचे-घालायचे. महाग पडतात, पण दुसरा बॉल घ्यायचा विचार असेल तर घ्या.

बोटांचे रबरी इन्सर्ट फिंगरटिपला घ्याच. बाहेरचं माप बहुतेक ३१/३२ इंच, आतलं १/६४ इंचाच्या फरकाने. मधलं बोट आणि अनामिका बहुतेक वेळा वेगळ्या साइजची. बोटं ढिली नकोत, पण कोंबायचीही नकोत. एक बारीक गोष्ट : स्पॅन इन्सर्टच्या कडेपासून मोजलाय की मूळ भोकाच्या कडेपासून, ते कागदावर लिहून घ्या. पुढच्या बॉलला बहुतेक घोटाळे इथेच होतात.

दोन भोकांमधली भिंत, म्हणजे ब्रिज, पाव इंच ठेवतात. त्याहून बारीक केला तर तडा तिथूनच जातो.

भुसावळ_कॉर्डलाइन
तडा निघालाच आहे तर आपल्याकडची गोष्ट सांगतो, पुणेकरांना हे कुणी सांगणार नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळला ४५ अंश. उन्हात उभ्या गाडीची डिकी त्याहून कितीतरी तापते. बॉलचं कवच, आतला भराव आणि कोअर वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. भोकं पाडलेल्या बॉलमध्ये ताण ब्रिजपाशी आणि भोकांच्या बुडाशी साचतो. दुपारी डिकीत, संध्याकाळी एसीच्या लेनवर, रात्री परत डिकीत. असं दोन-चार वेळा झालं की केसाएवढी रेघ दिसते. तिला गॅरंटीत कुणी विचारत नाही. बॉल घरात, भिंतीतल्या कपाटात ठेवा. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत नको.

ड्रिलिंगच्या दिवशीही हेच. प्रवासातून तापून आलेला बॉल लगेच मशीनला लावू नका, दुकानात दोन-तीन तास राहू द्या. अंगठ्याचंही तसंच, उन्हात फुगतो आणि थंडीत आकसतो. स्टेशनवरून घामाघूम उतरून थेट माप दिलं तर डिसेंबरात भोक सैल होणार. अर्धा-पाऊण तास एसीत बसा, जमलं तर तिथल्या लेनवरच्या बॉलने एक गेम टाका, मग माप द्या. भोक किंचित मोठं ठेवून आत बॉलिंग टेपचे एक-दोन तुकडे लावून घ्यायचे. फुगला की एक काढा, आकसला की एक वाढवा. तुकडे वाकडे लावू नका, खालची कड वळली की अंगठा अडतो.

दहावी_पिन
आता लेआउट. ‘पिन वर’ ही अर्धी गोष्ट आहे. पिन म्हणजे कोअरचं टोक दाखवणारा रंगीत ठिपका. तो बोटांच्या वर आहे की खाली, याला अर्थ येतो तो तुमच्या पीएपीच्या संदर्भात. पीएपी म्हणजे बॉल सुटताना ज्या अक्षाभोवती फिरतो त्याचं पृष्ठभागावरचं टोक. उजव्या हाताच्या खेळाडूचं ते साधारण ग्रिपच्या (तिन्ही भोकांच्या) मध्यापासून उजवीकडे पाचेक इंच आणि जरा वर-खाली पडतं.

पिन ते पीएपी अंतर ० पासून पावणेसात इंचापर्यंत असू शकतं, कारण २७ इंची परिघाचा तो चौथा भाग. मध्यावर, म्हणजे ३ ३/८ ला, फ्लेअर (फिरताना बॉलचा अक्ष सरकत जाणं) सगळ्यात जास्त : दर फेरीला लेनवरच्या तेलाची नवी रेघ, प्रत्येक वेळी कोरडा पृष्ठभाग, जोरात हुक. दोन्ही टोकांना फ्लेअर जवळपास नाहीच. कोनांच्या भाषेत दोन आकडे अजून असतात. ड्रिलिंग अँगल (पिन-पीएपी रेघ आणि पिनपासून कोअरच्या जड बाजूच्या खुणेकडे जाणारी रेघ यांतला कोन) लहान तर बॉल लवकर रोलला येतो. व्हीएएल अँगल (पिन-पीएपी रेघ आणि पीएपीतून जाणारी उभी रेघ यांतला कोन) लहान तर वळण झटक्यात, मोठा तर पसरट. तुमचा कोअर सिमेट्रिक आहे, तिथे ड्रिलिंग अँगलने फार फरक पडत नाही, डोकं खर्चू नका.

पहिल्याच फिंगरटिप बॉलला मी साडेचार इंचाच्या आसपास पिन ठेवायला सांगेन. बॉल जोरात पण फिरकी कमी असेल तर ४ कडे, फिरकी जास्त आणि वेग कमी असेल तर ५ कडे. मॉलच्या लेनवर तेल कमी असतं, तिथे ३ ३/८ वर पाडलेला बॉल मध्यावरच वळून डावीकडच्या गटारात जाईल. मग लोक बॉलला शिव्या देतात.

तापीकाठचा
पीएपी घरून मोजून नेऊ का मग? मॉलच्या बॉलवर?

दहावी_पिन
नको. कन्व्हेन्शनल ग्रिपवरचा रिलीज (बॉल सोडायची ढब) फिंगरटिपला तसाच राहत नाही, त्यामुळे तो आकडा फसवा निघतो. दुकानात ट्रायल बॉल असेल तर त्यावर टाका. नसेल तर साधारण धरून पाडा आणि खरा पीएपी महिन्याभराने मोजा. रीत सोपी : अंदाजे जागी एक इंची पांढरी टेप चिकटवा, मागून मोबाइलवर हळू व्हिडिओ काढा. टेप गोल गोल घुमताना दिसली तर ती अक्षावर नाही. जिथे जागच्या जागी भिंगरीसारखी फिरते तोच पीएपी. मग ग्रिपच्या मध्यापासून आडवं किती आणि उभं किती ते पाव इंचापर्यंत लिहा.

वरणगाव_रोलर
दोन हातांनी टाकत असाल तर आधीच सांगा. अंगठा वापरणार नसाल तर अंगठ्याचं भोक पाडायचंच नाही. अमेरिकेच्या यूएसबीसीच्या (तिथल्या बॉलिंग संघटनेच्या) नियमाने १ ऑगस्ट २०२० पासून बॅलन्स होल, म्हणजे वजन सावरायला पाडलेली जादा भोकं, बंद आहेत, आणि प्रत्येक फेकीला न वापरलेलं भोक त्यातच मोजलं जातं. नंतर स्पर्धेत उतरायचं झालं तर ते भोक बुजवत बसावं लागेल. बुजवून पुन्हा पाडायचं म्हणजे भरलेला मसाला कडक व्हायला दिवसभर थांबा, म्हणजेच दुसरी फेरी. एका फेरीत काम उरकायचंय ना?

भरीत_भाकरी
पैशाचं विचारून ठेव. सांगितलेल्या दरात इन्सर्ट, स्लग आणि नंतरची कड घासणं धरलंय का. आणि भोकं पाडली की लगेच निघू नको. तिथे लेन असेल तर दोन गेम टाक, नसेल तर निदान हात खाली सोडून पंधरा-वीस झोके घे, दाबायचं नाही. बॉल आपोआप हातात राहिला आणि पुढे नेल्यावर अंगठा आवाज न करता निघाला तर बरोबर. ‘फट्’ असा आवाज आला तर भोक घट्ट किंवा पिच चुकली, तिथेच सांग. मापाच्या कागदाचा फोटो घे. तो कागद तिकिटापेक्षा महत्त्वाचा, पुढचा बॉल त्यावरूनच कुरिअरने पाडून मागवता येतो.

तापीकाठचा
समजलं. १२ वरून १४ पौंड जड नाही ना जाणार?

यावल_स्पेअर
हाताला बसलेला १४ पौंडी (६.३५ किलो) न बसलेल्या १२ पौंडीपेक्षा हलका वाटतो. भीती बॉलची नाही, तो बर्थखालून डब्यात गडगडण्याची. चाकाची बॅग असेल तर ती आडवी टाका आणि खाली टॉवेल.