अनुभव: दोन मजली विमानात वरच्या मजल्यावरची सीट घेतली आहे का?

मृदुला_कोथरूड

भाचीने काल रात्री सीटचा नकाशा पाठवला. तिचे आईबाबा मुंबईहून लंडनमार्गे सॅन फ्रान्सिस्कोला चाललेत, लेकाकडे. दुसऱ्या टप्प्याला ब्रिटिश एअरवेजचं ए३८० आहे आणि त्यात वरच्या मजल्यावर मागच्या बाजूला इकॉनॉमी असते. "मावशी, सीट निवडायचे पैसे द्यायचेच आहेत तर वर घेऊ की खाली?" नकाशा बघितला आणि आमचा सिंगापूर ते सिडनी प्रवास डोळ्यासमोर आला.

आईबाबांना घेऊन दादाकडे गेले होते. सिंगापूर एअरलाइन्सच्या तेव्हाच्या ए३८० मध्ये वर बिझनेसच्या मागे इकॉनॉमीही होती. खाली तीन-चार-तीन, वर दोन-चार-दोन. म्हणजे खिडकीकडच्या दोन्ही सीट्स आईबाबांच्या, मध्ये तिसरं कुणीच नाही. आईला रात्री उठावं लागायचं. अनोळखी माणसाला कसं उठवायचं म्हणून एरवी ती विमानात पाणीच प्यायची नाही आणि उतरेपर्यंत डोकं धरून बसायची. त्या रात्री ती पाणी प्यायली, हवं तेव्हा उठली, बाबा पाय आखडून वाट देत होते. नंतर दोघं एकमेकांवर मान टाकून झोपले. बाबा आता नाहीत. त्यांचा एवढा लांबचा एकत्र प्रवास तो शेवटचाच, आणि तो असा निवांत झाला याचं मला फार समाधान आहे.

त्यामुळे माझं मत पक्कं आहे. दोघंच जाणार असतील, त्यातून वय झालेलं असेल, तर वरची जोडीची सीट घ्यावी. खिडकी, शांतता वगैरे सगळं त्यानंतर.

तुम्ही कुणी वर बसला असाल तर लिहा. जुन्या जंबोच्या, म्हणजे बोईंग ७४७ च्या आठवणीही चालतील.

बेलापूरकर

+१०० मृदुलाताई. वर आवाज कमी, माणसं कमी, बाथरूमसमोर रांग कमी. एवढंच लिहितो, पनवेल आलं.

शमा_सिडनी

मृदुला, किती छान लिहिलंस गं. आईला नमस्कार सांग.

एक मात्र सांगते, नाहीतर कुणीतरी हे वाचून सिंगापूरचं तिकीट काढेल. त्यांनी २०१७ पासून नवीन मांडणी आणली, त्यात वरचा अख्खा मजला स्वीट्स (दार लावता येणाऱ्या खाजगी खोल्या) आणि बिझनेसला दिलाय. इकॉनॉमी आणि प्रीमियम इकॉनॉमी दोन्ही खाली. क्वांटासचंही वर बिझनेस आणि प्रीमियम. साध्या इकॉनॉमीत वर बसायचं तर कतारच्या ए३८० मध्ये बिझनेसच्या मागे ५६ सीट्सचा छोटा कप्पा आहे, दोन-चार-दोन. आम्ही दोहा-सिडनीला त्यात बसलो होतो. दिवे मंद झाल्यावर इतकं शांत होतं की माझा मुलगा पहिल्यांदा विमानात सलग झोपला.

दुबईचा_नाना

एमिरेट्सचं गणित वेगळं आहे. बहुतेक ए३८० मध्ये वर फक्त फर्स्ट आणि बिझनेस. फर्स्टवाल्यांना शॉवर, पाच मिनिटं गरम पाणी. मागे बार. इकॉनॉमी सगळी खाली. पण त्यांनी दोन वर्गांची ६१५ सीट्सची विमानंही घेतली होती, ५८ बिझनेस आणि ५५७ इकॉनॉमी, आणि त्यात वर इकॉनॉमी होती. मांडण्या बदलत राहतात, त्यामुळे नुसतं "ए३८० आहे" यावर जाऊ नका. नकाशा उघडा आणि रांगेत दोन-चार-दोन दिसतंय का ते बघा.

बाकी त्यांची प्रीमियम इकॉनॉमी खालच्या मजल्यावर पुढे आहे, तीही दोन-चार-दोनच. आईवडिलांना जोडी हवी आणि थोडे जास्त पैसे घालायची तयारी असेल तर तोही मार्ग आहे. जिना वगैरे भानगड नाही.

कलिना_काका

मी ए३८० मध्ये बसलेलो नाही. नोकरी सगळी एअर इंडियाच्या जंबोवर गेली, सांताक्रूझच्या हँगरात. मृदुलाताईंनी जंबोचं नाव घेतलं म्हणून लिहितो.

७४७ ला वरचा मजला प्रवाशांसाठी म्हणून काढलाच नव्हता. बोईंगला तेव्हा वाटत होतं की पुढचा काळ आवाजापेक्षा वेगवान विमानांचा, मग हे मालवाहू म्हणून चालावं लागेल. माल पुढून, नाक उघडून भरता यावा म्हणून कॉकपिट वर चढवलं. ते हवेत नीट जावं म्हणून मागे कुबड आलं, आणि त्या कुबडातली जागा हाताशी होती म्हणून तिथे लाउंज. आमचं पहिलं 'सम्राट अशोक' १९७१ ला मुंबईत आलं. वर जायला गोल जिना. प्रत्येक खिडकीभोवती बाहेरून रंगवलेला झरोका, विमान धुवायला घेतलं की तो झरोका जपून पुसायचो आम्ही. वरच्या लाउंजमध्ये काम असलं की उगाच एक मिनिट जास्त थांबायचो. एवढी देखणी जागा मी तोवर पाहिली नव्हती.

१ जानेवारी १९७८ ला तेच विमान वांद्र्यासमोर समुद्रात गेलं. २१३ माणसं. त्या रात्रीबद्दल मी लिहू शकत नाही.

नंतर जंबोचा वरचा मजला लांब झाला, जिना सरळ झाला, वर नेहमीच्या सीट्स आल्या. २२ एप्रिल २०२४ ला शेवटचं जंबो मुंबईहून कायमचं गेलं, तेव्हा वैमानिकाने उड्डाणानंतर पंख हलवले. नातवाने मोबाईलवर दाखवलं. मी परत परत बघितलं.

अनघा_पार्ले

काका 🙏 माझे बाबा पण तिथेच होते, इन्स्ट्रुमेंट शॉपला. कॉलनीतल्या गणपतीत तुम्ही असणारच. बाबांना हे आज वाचून दाखवते.

कलिना_काका

@अनघा अहो म्हणजे तुम्ही कॉलनीतल्याच! बाबांना विचारा, कर्मचाऱ्यांच्या पासवर लंडनला जाताना स्टँडबायला रात्रभर बसायचो ते आठवतं का. सीट मिळायची ती कुठलीही, वर-खाली निवडायचा प्रश्नच नव्हता.

अनघा_पार्ले

विचारलं. म्हणाले "सगळं आठवतं, फोन नंबर घे." मेसेज करते तुम्हाला.

वऱ्हाडी_पाहुणा

खिडकीवाल्यांनो एक गोष्ट लक्षात घ्या. वर विमानाची भिंत आत वळते, त्यामुळे सीट आणि खिडकी यांच्यात बरंच अंतर पडते. डोकं टेकवून झोपाची सवय असेल तर जमत नाही. पण त्याच जागेत खिडकीखाली झाकणाचा कप्पा असतो, तो म्हणजे सोनं आहे. आईची शाल, औषधं, चष्मा, पुस्तक, चिवड्याचा डबा, सगळं त्यात. उठून वरचं कपाट उघडाची गरज नाही. वरची कपाटं तशीही लहान आहेत, मोठी बॅग अडते. आणि कप्प्याच्या झाकणावर हात ठेवून मस्त बसता येते.

ऋता

हो तो कप्पा!! लेकीने त्यात तिची बाहुली झोपवली होती आणि उतरताना विसरणार होतो 😄 उतरायच्या आधी उघडून बघा सगळ्यांनी

शिरीष_ठाणे

बाहेरचं दिसतं का पण? मी तर ढगांसाठी खिडकी घेतो.

दुबईचा_नाना

@शिरीष पंख अवाढव्य आहे, टोकापासून टोकापर्यंत जवळजवळ ८० मीटर. मधल्या रांगांत खाली बघायला गेलात तर पंखच दिसणार. मागच्या रांगा बऱ्या. आणि शेपटीवर कॅमेरा असतो, समोरच्या पडद्यावर लावा. उड्डाण आणि उतरणं त्यातून बघायला इतकं भारी वाटतं की खिडकी विसराल.

सुलभा_मिरज

मला एक शंका आहे, हसू नका. एवढ्या उंचावर बसल्यावर काही झालं तर खाली कसं उतरायचं? मुलाने वरची सीट घेऊन ठेवली आहे आणि मला झोप नाही.

केबिन_क्रू_होते

सुलभाताई, हसण्यासारखं काही नाही, नवीन क्रूपैकी पण बरेच जण हाच प्रश्न विचारतात. वरच्या मजल्याला स्वतःची दारं आहेत, दोन्ही बाजूंना तीन-तीन. प्रत्येक दाराला फुगणारी घसरगुंडी. जिन्याने खाली येऊन मग बाहेर असं नसतं.

२००६ ला हॅम्बुर्गला याची चाचणी झाली. ८५३ प्रवासी आणि २० क्रू, अंधार केलेला, दोन्ही मजल्यांवरच्या सोळातली आठच दारं उघडी, आणि कुठली उघडणार ते आधी सांगितलेलं नाही. मर्यादा ९० सेकंदांची होती, सगळे ७८ सेकंदांत बाहेर. मी ट्रेनिंगमध्ये वरून घसरले आहे. दाराशी उभं राहिल्यावर पोटात गोळा येतो हे खरं, पण मागून हात येतो आणि तुम्ही खाली पोचलेल्या असता. बसल्यावर जवळचं दार किती रांगांवर आहे ते मोजून ठेवा, तेवढं केलं की निर्धास्त झोपा.

सुलभा_मिरज

खूप बरं वाटलं गं. मिरजेला आलीस तर घरी ये. बासुंदी करीन.

केबिन_क्रू_होते

नक्की काकू ❤️ अजून एक, वर-खाली खाण्याच्या ट्रॉल्या न्यायला आत लिफ्ट आहे. लोकांना वाटतं आम्ही जिन्यावरून चढवतो.

प्रसाद_ह्यूस्टन

सगळं गोड चाललंय पण मला लिहू द्या. आईबाबांसाठी सहा महिने आधी वरची जोडी पकडून ठेवली, पैसे भरले. निघायच्या आदल्या दिवशी विमान बदललं, ए३८० जाऊन ७७७. वरचा मजलाच गेला. बाबा एका टोकाला, आई दुसऱ्या टोकाला, दोन्ही मधल्या सीट्स. आईला इंग्रजी येत नाही. काउंटरवर "सिस्टिमने दिलंय" एवढंच. कंपनीचं नाव लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे. आई उतरल्यावर रडली, मला अजून ते सहन होत नाही.

मृदुला_कोथरूड

प्रसाद, वाचूनच कसंतरी झालं रे. आई आता ठीक आहेत ना? सीटचे पैसे तरी परत मागच, पावती जपून ठेव.

दुबईचा_नाना

@प्रसाद फार वाईट झालं. पुढच्या वेळेसाठी सांगतो, तीन-चार-तीनवाल्या ७७७ मध्येही शेपटीकडे विमान निमुळतं होतं, तिथल्या अगदी शेवटच्या काही रांगा दोन-चार-दोन असतात. विमान बदललं असा मेसेज आला की त्याच मिनिटाला त्या रांगा बघायच्या. टॉयलेट जवळ असतं, पण जोडी तुटत नाही. आणि शेवटच्या आठवड्यात रोज एकदा बुकिंग उघडून बघत जा, कधीकधी मेसेज येतच नाही.

प्रसाद_ह्यूस्टन

हे माहीत नव्हतं. लिहून ठेवलं. धन्यवाद नाना. आई ठीक आहे, नातवात रमली आहे.

घाटकोपर_गच्ची

मी वर बसलो नाही पण आमच्या गच्चीवरून रोज ए३८० उतरताना बघतो. २०१४ च्या सुरुवातीला सरकारने बंदी उठवली, मेअखेर सिंगापूरचं आलं, जुलैत एमिरेट्सचं. तेव्हा अख्खी चाळ गच्चीवर होती. एवढं मोठं विमान इतकं हळू चाललंय असं वाटतं की आता खाली पडेल, आणि आवाज मात्र छोट्या विमानांपेक्षा कमी. एकदा तरी आत बसायचंय, वर-खाली कुठेही.

ऋता

विमानं बनवायची बंद झाली ना पण? ऐकलं होतं

दुबईचा_नाना

हो, शेवटचं डिसेंबर २०२१ ला एमिरेट्सलाच दिलं. एकूण २५१ गेली गिऱ्हाइकांना. आहेत ती अजून उडतायत. @घाटकोपर, मुंबई-दुबई साध्या तिकिटातही मिळतं की, तीन तासांचं का होईना. जाऊन या.

चकली

विषयांतर करते, पण आईवडिलांचं तिकीट काढणाऱ्यांनी जेवणाचा कोड नीट बघा. "हिंदू मील" म्हणजे शाकाहारी नव्हे! त्यात चिकन, मासे येऊ शकतात, फक्त बीफ नसतं. शाकाहारी हवं तर "एशियन व्हेजिटेरियन" टाका. माझ्या सासूबाईंच्या पुढ्यात चिकन आलं होतं आणि त्या पुढचे नऊ तास बिस्किटांवर होत्या.

शमा_सिडनी

+१ चकली. आणि खास जेवण सगळ्यांच्या आधी येतं, हा फायदा.

वऱ्हाडी_पाहुणा

एकादशी आली तर काय करता?

चकली

राजगिऱ्याचे लाडू आणि खजूर. शेंगदाणे विमानात काढताना शेजाऱ्याला ॲलर्जी नाही ना ते विचारा.

नीलिमा_नाशिक

सगळं वाचलं. आमच्या आईला व्हीलचेअर लागते, गुडघे गेलेत. वरची सीट घेतली तर जिना चढावा लागेल का? कुणी अनुभव आहे का? उद्या पैसे भरायचेत.

केबिन_क्रू_होते

नीलिमा, जिथे वरच्या मजल्याला वेगळा एअरोब्रिज (इमारतीतून थेट विमानाच्या दाराला जोडणारा बोगदा) लावतात तिथे व्हीलचेअर थेट वरच्या दारापर्यंत येते, जिना लागत नाही. पण दोन्ही टोकांच्या विमानतळांवर तसा ब्रिज मिळेल की नाही हे एअरलाइनला फोन करून विचारा आणि व्हीलचेअरची विनंती बुकिंगमध्ये नोंदवून घ्या, काउंटरवर जाऊन नको. ब्रिज नसेल तर आतला जिना आहे, आणि मागचा जिना अरुंद आणि गोल आहे, गुडघ्यांना अजिबात नको. तशी शंका असेल तर सरळ खाली घ्या, टॉयलेटजवळची आइलची सीट, आणि शेजारची तुमची.

नीलिमा_नाशिक

उद्या सकाळी आधी फोन करते, मग पैसे भरते. फार आभार.