प्रतिसाद: थंड फिलामेंट, गरम फिलामेंट
फिलामेंटचे, म्हणजे आतली टंगस्टनची तार तापून उजळणारे, दोन दिवे एकसर (एकामागोमाग, दोन्हींतून एकच धारा जाईल असे) जोडले तर ६० वॅटचा दिवा १०० वॅटच्या दिव्यापेक्षा जास्त उजळतो, हे ज्या लेखाला मी हा प्रतिसाद देतोय त्यात लिहिलंय ते बरोबरच. पण तिथे २३० व्होल्टवर ६० वॅटच्या दिव्याचा रोध ८८२ आणि १०० वॅटच्याचा ५२९ ओहम धरून काढलेली ०.१६ अँपिअर धारा प्रत्यक्षात मिळत नाही. हे रोध दिवा पूर्ण व्होल्टेजवर, पांढराशुभ्र तापलेला असतानाचे आहेत. एकसर जोडणीत दोघांनाही कमी व्होल्टेज मिळतं, फिलामेंट कमी तापतं आणि तापमान उतरलं की टंगस्टनचा रोधही उतरतो. मी स्वतः जोडून पाहिलं तेव्हा मीटरवर ०.२ च्या वर आकडा आला. आधी वाटलं मीटरच बिघडलाय! मग १०० वॅटचा दिवा काढून थंड असताना रोध मोजला, तर जेमतेम ४० ओहम. म्हणजे गरम असतानाच्या तेराव्या हिश्श्याइतका.

गंमत अशी की १०० वॅटचा दिवा जास्त थंड राहतो, त्यामुळे त्याचा रोध आणखी घसरतो आणि व्होल्टेजचा मोठा वाटा ६० वॅटवाला पळवतो. गणितातल्या ५:३ पेक्षा बराच मोठा. समांतर जोडणीत ही भानगड नाही. दोघांना पूर्ण २३० व्होल्ट, ०.२६ अधिक ०.४३, साधारण ०.७ अँपिअर. परीक्षेत अर्थातच रोध स्थिर धरूनच उत्तर लिहा. आणि करून बघायचं असेल तर १२ व्होल्टचे छोटे दिवे नि बॅटरी घ्या, मी केलं तसं थेट मेन्सवर नको. एलईडी दिव्यांना मात्र यातलं काहीच लागू नाही, त्यांच्या आत ड्रायव्हर, म्हणजे धारा नियंत्रित करणारं सर्किट असतं.