अमेरिकेत प्री-मेड आणि सोबत हॉस्पिटल मॅनेजमेंटचं मास्टर्स, पाच वर्षांत दोन्ही झेपेल का?

इंदिरानगरची_आई (नाशिक)

नमस्कार मंडळी, थोडं लांबेल पण सगळं लिहितेच, नाहीतर परत प्रश्न येतात.

लेक आत्ता बारावी झाली, सायन्स, बायो घेऊन. तिचा जन्म तिकडचा, आम्ही ती चार वर्षांची असताना नाशकात परत आलो, त्यामुळे नागरिकत्व अमेरिकेचं आहे आणि पुढचं शिक्षण तिकडेच करायचं ठरलंय, इथल्या मेडिकलची नीट परीक्षा दिलीच नाही तिने. दीर न्यू जर्सीला असतात, त्यांच्या जवळच्या एका युनिव्हर्सिटीत अॅडमिशन मिळालीय. आता ते लोक म्हणतात चार वर्षांचं बॅचलर्स आणि वर एक वर्ष, असं पाच वर्षांत हेल्थ अॅडमिनिस्ट्रेशनचं मास्टर्सपण होईल, आणि सोबत प्री-मेड करता येईल. ह्यांचं म्हणणं, डॉक्टर व्हायचंय ना, मग सरळ त्याच्याच मागे लाग, दोन दगडांवर पाय नको. ती म्हणते मला दोन्ही पाहिजे.

तिच्या डोक्यात हे कुठून आलं तेही सांगते. मागच्या वर्षी सासऱ्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं इथल्याच एका हॉस्पिटलात. डिस्चार्जच्या दिवशी सकाळी नऊच्या राउंडला डॉक्टर म्हणाले, आबांना घरी न्या. आबा तेव्हापासून शर्ट घालून, हातात पिशवी घेऊन बेडच्या कडेला बसलेले. निघालो रात्री पावणेनऊला. आधी डिस्चार्ज समरी टाइप व्हायची होती, मग उरलेली औषधं फार्मसीत परत, मग फायनल बिल, मग इन्शुरन्सवाल्यांचं अप्रूव्हल, त्यात समरीत एक तारीख चुकली म्हणून क्वेरी आली आणि सगळं परत मागे. लेक दिवसभर काउंटरवर आणि तिने एका कागदावर लिहून काढलं की कुठला कागद कुठल्या टेबलावर किती वेळ पडून होता. रात्री घरी आल्यावर म्हणाली, आई, आबांना बरं करायला डॉक्टरांना पाऊण तास लागला आणि घरी सोडायला बारा तास.

तर विचारायचं हे की प्री-मेड म्हणजे डिग्री असते का, हे मास्टर्स असलं तर मेडिकलला प्रवेश सोपा होतो का, आणि पैशाचं गणित कसं बसतं. कोणी केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

ओहायोतला_नाशिककर

ताई, मुलगा याच रांगेतून गेलाय म्हणून लिहितो.

प्री-मेड ही डिग्री नाही. मेजर म्हणजे मुख्य विषय कुठलाही घ्या, इतिहाससुद्धा चालतो, पण मेडिकल स्कूलला लागणारे विषय त्या चार वर्षांत व्हायला पाहिजेत. साधारण बायोलॉजी एक वर्ष, जनरल केमिस्ट्री एक वर्ष, ऑरगॅनिक, फिजिक्स, बहुतेक लॅबसकट, वर बायोकेमिस्ट्री आणि इंग्रजी, शाळेशाळेप्रमाणे थोडा फरक. मग एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा. चार सेक्शन, मार्क ४७२ ते ५२८ मध्ये. सोबत हॉस्पिटलमधलं काम, डॉक्टरांच्या मागे फिरणं, सेवा, हे सगळं बघतात.

आता तुमचा मुख्य प्रश्न. मास्टर्सने सायन्सचे मार्क सुधारत नाहीत. मेडिकलच्या कॉमन अर्जात बॅचलर्सचा जीपीए (ग्रेडची सरासरी) वेगळा आणि मास्टर्सचा वेगळा दिसतो, आणि बायो केमिस्ट्री फिजिक्स गणित यांचा अजून वेगळा काढतात. फायनान्स आणि हेल्थ पॉलिसीत ए मिळवला तरी ऑरगॅनिकचा सी तिथेच दिसणार. तेव्हा "मास्टर्स असलं की प्रवेश सोपा" असं तिला कोणी सांगितलं असेल तर तेवढं आधी डोक्यातून काढा, कारण याच समजुतीवर लोक वर्ष आणि पैसे घालवतात.

पण वेळेच्या बाबतीत हा कोर्स चांगला बसू शकतो. अर्ज मे अखेर किंवा जूनमध्ये टाकायचा आणि क्लास सुरू होतो पुढच्या वर्षी जुलै ऑगस्टला, म्हणजे मध्ये वर्षाहून जास्त जातं. चौथं वर्ष संपताना अर्ज टाकला तर पाचवं मास्टर्सचं वर्ष बरोब्बर त्या मोकळ्या वर्षात येतं, इंटरव्ह्यू त्याच काळात. दोन गोष्टी लक्षात ठेवा फक्त. अशा कोर्सात मास्टर्सचे पेपर बऱ्याचदा चौथ्या वर्षातच सुरू होतात, आणि एमकॅटची तयारीही नेमकी त्याच्या आसपास असते. माझ्या मुलाने ऑरगॅनिक आणि फिजिक्स, दोन्ही लॅबसकट, एकाच सेमिस्टरला घेतलं आणि नोव्हेंबरात फोनवर रडला, तर त्यात तिसरं काही घुसवू नका. दुसरं, एकदा मास्टर्सला नाव घातलं की बऱ्याच मेडिकल स्कूल्सना ते पूर्ण करूनच यायला लागतं, अर्धवट सोडून चालत नाही.

पैसे: नागरिक असल्यामुळे तिला सरकारी लोन मिळेल, हा फार मोठा फायदा आहे, बाहेरच्या मुलांना मोजकीच मेडिकल स्कूल्स घेतात. पण जुलै २०२६ पासून नवीन मेडिकल विद्यार्थ्याला सरकारी लोन वर्षाला ५०,००० डॉलर आणि एकूण २ लाख डॉलरच्या वर नाही, म्हणून पाचव्या वर्षाच्या फीची व्यवस्था आधीच बघा. आणि काकांकडे राहिली म्हणजे राज्यातली स्वस्त फी लागेल असं धरू नका, बहुतेक राज्यांत त्यासाठी आईवडील कुठे राहतात ते बघतात. युनिव्हर्सिटीला लेखी विचारा.

आडगावचा_डॉक्टर

मी तुमच्या मिस्टरांच्या बाजूने आहे, पण वेगळ्या कारणाने.

माझं वीस बेडचं हॉस्पिटल आहे. मॅनेजमेंट कुणी शिकवलं नाही, पडत धडपडत शिकलो. फुले जन आरोग्य योजनेची पहिली केस आली तेव्हा प्री-ऑथ, म्हणजे उपचाराआधीची मंजुरी, कशी मागायची हे योजनेच्या आरोग्यमित्राने शेजारी बसून दाखवलं. तेव्हा वाटलं होतं की हे कॉलेजात कुणी सांगायला पाहिजे होतं. तरीसुद्धा आधी डॉक्टर व्हावं असंच म्हणेन. रात्री तीनला एक सिस्टर, पंधरा पेशंट आणि लिफ्ट बंद, हे ज्याने पाहिलंय त्याला मॅनेजमेंटचं पुस्तक वेगळं वाचता येतं. आपल्याकडे एमबीबीएसनंतर हॉस्पिटल अॅडमिनिस्ट्रेशनमध्ये एमडी करता येतं, दिल्लीच्या एम्सला आहे, पुण्याला एएफएमसीत आहे. तिकडे तर एमडी (तिकडची एमडी म्हणजे आपल्या एमबीबीएससारखी) करता करताच एमबीए किंवा एमपीएच (पब्लिक हेल्थचं मास्टर्स) जोडून पाच वर्षांत देणाऱ्या मेडिकल स्कूल्स कितीतरी आहेत, तो रस्ता बघा ना.

मॅनेजमेंट कमी महत्त्वाचं असं मात्र अजिबात म्हणत नाही. एप्रिल २०२१ आपल्यापैकी कोण विसरेल. नाशकातल्या हॉस्पिटलात ऑक्सिजनची टाकी गळली, दाब गेला आणि व्हेंटिलेटरवरची माणसं गेली. अशा वेळी कितीही हुशार फिजिशियन असला तरी टाकी, व्हॉल्व्ह, राखीव सिलिंडर, कुणी कुठे पळायचं हे आधी ठरलेलं नसेल तर तो काय करणार.

क्वालिटीवाली

डॉक्टर, मान राखून थोडं वेगळं बोलते. मी बीएएमएस आणि मग हॉस्पिटल अॅडमिनिस्ट्रेशनचं मास्टर्स केलंय, आता एका मोठ्या हॉस्पिटलच्या क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. आमच्याकडे मेडिकल हुकलं की "मॅनेजमेंट तरी कर" म्हणून येणारी मुलं मी बघितलीत, दोन वर्षांत कंटाळून जातात. कॉस्टिंग, कायदा, बायोस्टॅट, एपिडेमिओलॉजी, बेडचं नियोजन, हे मनापासून आवडायला लागतं. ताई, तुमच्या मुलीने स्वतःहून कागद घेऊन टेबलं मोजली, कुणी सांगितलं नव्हतं. अशी मुलगी दहा वर्षं थांबून मगच का शिकावी? फक्त पहिली दोन वर्षं निव्वळ सायन्सची ठेवा, सायन्समध्ये तिसरं काही घुसवू नका यात ओहायोवाल्या दादांशी शंभर टक्के सहमत.

युनिव्हर्सिटीला हे विचारा: मास्टर्सला सीएएचएमईची (हेल्थ मॅनेजमेंटच्या कोर्सना मान्यता देणारी तिकडची संस्था) मान्यता आहे का, पाचव्या वर्षाचा निर्णय तिसऱ्या वर्षी घेता येतो का, चार वर्षांनी बॅचलर्स घेऊन बाहेर पडता येतं का, आणि बॅचलर्स-मास्टर्स दोन्हीकडे धरले जाणारे पेपर किती. ही मान्यता असलेल्या मास्टर्सवर तिकडे अॅडमिनिस्ट्रेशनची नोकरीही मिळते, म्हणजे मेडिकलला एक वर्ष उशीर झाला तरी ती घरी बसणार नाही.

इंदिरानगरची_आई

सगळ्यांचे खूप खूप आभार. काल रात्री तिने आणि ह्यांनी मिळून सगळं वाचलं, एका जागी बसून, हेच मला केवढं मोठं वाटलं. युनिव्हर्सिटीला मेल गेलाय, चारही प्रश्न टाकलेत आणि फीचा वेगळा. तिने ठरवलंय की दोन वर्षं फक्त सायन्स, मास्टर्सचं नाव तिसऱ्या वर्षापर्यंत घालायचं नाही. ह्यांनी एवढ्याला होकार दिलाय, पुढचं पुढे.

क्वालिटीवाली ताई, तिचा एक प्रश्न आहे. तिच्या त्या कागदावर औषधं परत करायला दोन तास दहा मिनिटं लिहिलंय, आणि पिशवीत फक्त तीन सलाइन आणि एक इंजेक्शन होतं. एवढा वेळ कशाला लागतो?

क्वालिटीवाली

कारण सिस्टर एका पेशंटचं खाली पाठवत नाहीत, वॉर्डबॉय सगळ्या बेडचं एकदम घेऊन जातो, मग फार्मसीत एकेकाचं बॅच नंबर बघून सिस्टीममधून वजा होतं, आणि दुपारी तिथे ड्युटी बदलते. आम्ही परतीची औषधं आदल्या रात्रीच खाली पाठवायला लागलो आणि समरीचा ड्राफ्टही आदल्या संध्याकाळी, आता बरेच पेशंट जेवायला घरी असतात. तिला म्हणावं कागदाचा फोटो पाठव, टेबलांची नावं आणि वेळा सकट. आमच्या टीमला दाखवायचाय.