हप्त्यावर घ्यावं की थांबावं? तुमचे हिशेब इथे लिहा

उधारीवर वस्तू घेणं परवडतं का, यावर नुसतं ‘कर्ज वाईटच’ किंवा ‘हल्ली सगळेच घेतात’ नको. आकडे कसे मांडता आणि फसायला कुठे होतं, तेवढं लिहा.

हिशेबनीस
हप्ता विचारण्याआधी रोखीचा भाव विचारायचा. समजा ‘बिनव्याजी’ योजनेत 1,000 चे 12 हप्ते आहेत आणि रोखीत तीच वस्तू 11,000 ला मिळते. मग कर्ज 11,000 चं आणि वरचे 1,000 व्याज. मुद्दल दरमहा फिटत जातं, त्यामुळे दर वर्षाला 9 टक्के वाटला तरी प्रत्यक्षात 16 च्या वर जातो. उधारीचे पोते सव्वा हात रिते, ते असं. स्प्रेडशीटमध्ये ‘रेट’ सूत्राला हप्त्यांची संख्या 12, हप्ता उणे 1000 आणि रक्कम 11000 द्या. येईल तो मासिक दर, त्याला 12 ने गुणा. उणे चिन्ह द्यायचं राहिलं की सूत्र चूक दाखवतं. प्रक्रिया शुल्क पहिल्याच दिवशी भरावं लागत असेल तर ते 11,000 मधून वजा करून दर काढा.

घटती शिल्लक
‘फ्लॅट’ शब्द दिसला की थांबा. 12,000 वर 10 टक्के फ्लॅट, मुदत एक वर्ष: व्याज 1,200, हप्ता 1,100. शेवटच्या महिन्यात जेमतेम एका हप्त्याएवढं देणं उरलेलं असतं, पण व्याज मात्र पूर्ण 12,000 वरच धरलेलं. घटत्या शिलकीवर, म्हणजे दरमहा उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरलं तर, हाच दर 18 च्या आसपास येतो. दोन ठिकाणचे दर ताडून बघताना दोन्ही एकाच पद्धतीत आणा, नाहीतर 10 फ्लॅट हा 14 घटत्यापेक्षा स्वस्त वाटतो.

बिलाची तारीख
क्रेडिट कार्डाबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे होतो. बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या खरेदीला सगळ्यात लांब बिनव्याजी मुदत मिळते, बिलाच्या आदल्या दिवशीच्या खरेदीला सगळ्यात कमी. ही सवलत पूर्ण बिल भरणाऱ्यालाच. थोडी जरी बाकी ठेवली तरी बहुतेक कार्डांवर व्याज खरेदीच्या दिवसापासून लागतं आणि पुढच्या नव्या खरेदीचीही सवलत जाते. पूर्ण बाकी फिटेपर्यंत ते कार्ड वापरू नये ते यासाठीच. कार्डावर रोख काढली तर सहसा पहिल्या दिवसापासून व्याज, शिवाय शुल्क वेगळं.

‘किमान देय’, म्हणजे बिलातली निदान भरावीच लागणारी रक्कम, भरलं की विलंब शुल्क टळतं, एवढाच त्याचा उपयोग. मासिक व्याज 3 टक्के आणि किमान भरणा 5 टक्के धरा: 100 चे व्याजासह 103 होतात, 5.15 भरले की 97.85 उरतात. या गतीने, नवी खरेदी शून्य ठेवूनही, बाकी निम्मी व्हायला 32 महिने लागतात.

आयुष्यमान
माझा नियम छोटा आहे. वस्तू बाद होण्याआधी हप्ते संपले पाहिजेत. दोन वर्षं टिकणाऱ्या फोनला तीन वर्षांचे हप्ते लावले, तर तिसऱ्या वर्षी जुन्याचे आणि नव्याचे एकदमच भरावे लागतात.

दुसरी बाजू
उधारी सरसकट वाईट म्हणायला मी तयार नाही. कमाई देणारं यंत्र हप्ता आणि देखभाल भागवून वर काही उरवत असेल, तर थांबण्यातच नुकसान. मात्र काम मंदावलेल्या महिन्याचा आकडा धरून बघा, चांगल्या महिन्याचा नको. आणि अडीअडचणीची सगळी गंगाजळी मोडून रोखीत घ्यायचं, मग आजारपणाला महागडं कर्ज काढायचं, यात कसली काटकसर?

मुद्दल
मुदत वाढवून हप्ता ‘हलका’ करतात त्याचं काय? 1,00,000 वर 12 टक्के घटता दर: 36 महिन्यांना हप्ता 3,321, एकूण व्याज साधारण 19,600. 60 महिन्यांना हप्ता 2,224, व्याज 33,500 च्या जवळ. लवकर फेडायचा विचार असेल तर सुरुवातीलाच फेडा, कारण व्याजाचा मोठा वाटा पहिल्या हप्त्यांत असतो. आधी मुदतपूर्व फेडीचं शुल्क करारात बघा. जास्तीची रक्कम मुद्दलात वळती करा असं लेखी कळवा. नाहीतर ती पुढचा हप्ता म्हणून जमा होऊ शकते. शेवटचा हप्ता गेल्यावर बेबाकी दाखला (कर्ज पूर्ण फिटल्याचं पत्र) घ्या आणि खात्यातली आपोआप वळतीची सूचना रद्द झाली का ते तपासा.