मदत हवी आहे: अकाउंट्सच्या इंटरव्ह्यूत 'टेस्ट' म्हणून चक्क ऑफिसचं काम करून घेतात

नमस्कार मंडळी,

नाशिकमधे अकाउंट्सची नोकरी शोधतेय. बीकॉम आहे, आधी बरीच वर्षं एका फर्ममधे होते, २०१९ मधे मुलगी झाली तेव्हा सोडलं. आता ती शाळेत रुळलीये म्हणून परत सुरू करायचंय. गॅपमुळे पगार कमी मिळणार हे धरूनच चाललेय, त्याचं काही नाही. मधल्या काळात हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली ईआरपी जाऊन टॅली प्राइम आलं, माझ्या वेळी २बी (सप्लायरनी अपलोड केलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर आपोआप तयार होणारी आपल्या खरेदीची यादी) हा प्रकारच नव्हता, तेही क्लास लावून शिकून घेतलं.

त्रास वेगळाच आहे. इंटरव्ह्यूला बोलावतात, इकडच्या तिकडच्या गप्पा, मूल किती वर्षांचं, मार्च-एंडला उशिरापर्यंत थांबाल का वगैरे (हे पुरुषांना विचारतात का हो?) आणि मग "मॅडम एक छोटीशी टेस्ट देऊन टाका". टेस्ट म्हणजे काय, तर कंप्युटरसमोर बसवायचं, एखाद्या पार्टीचं पर्चेस रजिस्टर आणि २बी ची एक्सेल द्यायची आणि सांगायचं की मॅच करा, जी बिलं दिसत नाहीत ती वेगळी काढा. शेकड्यांनी एंट्र्या. सकाळी गेलेली बाई संध्याकाळी बाहेर पडते, मधे एक चहा, आणि शेवटी "कळवतो हं". नंतर फोन उचलत नाहीत.

पहिल्यांदा वाटलं असेल यांची पद्धत. पण दुसरीकडे तेच, तिसरीकडे तर सप्लायरची लिस्ट देऊन म्हणाले की यांना फोन करून विचारा बिल का अपलोड केलं नाही. आता ही कसली टेस्ट? घरी येऊन त्यातले लक्षात राहिलेले एक-दोन जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून पाहिले, २७ ने सुरू होणारे म्हणजे महाराष्ट्रातलेच, अगदी चालू नंबर, खरे व्यापारी. म्हणजे डेटा सरावाचा नव्हताच.

आणि मग डोक्यात प्रकाश पडला की मला बोलावणी येतात ती नेमकी १४ ते २० तारखेच्या मधे! या लाइनमधल्यांना कळलं असेलच, बाकीच्यांसाठी सांगते, महिन्याची २बी १४ तारखेला तयार होते, दर महिन्याला भरणाऱ्यांचं ३बी, म्हणजे जीएसटीचं रिटर्न, २० पर्यंत भरायचं असतं, आणि २०२२ पासून २बी मधे न दिसणाऱ्या बिलाचं क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट) घेता येत नाही. त्यामुळे त्या दिवसांत सगळ्या ऑफिसांत नुसती धावपळ, माणसं कमी, मग बोलवा इंटरव्ह्यूला चार जणींना, फुकटात काम होतंय. सगळेच असे नसतील, एका सरांनी वीस मिनिटांत जर्नल एंट्र्या आणि टीडीएसचे प्रश्न विचारून तिथल्या तिथे नाही सांगितलं, मला त्यांचा राग नाही आला उलट बरं वाटलं.

कन्सल्टन्सीचं तर बोलायलाच नको, आधी रजिस्ट्रेशनचे पैसे भरा, वर डिग्रीचं ओरिजिनल सर्टिफिकेट जमा करा म्हणे. ते काही मी दिलं नाही.

तर विचारायचं असं की टेस्ट किती वेळाची असेल, डेटा कुणाचा असेल हे फोनवरच विचारलं तर उद्धट वाटेल का? आणि तिथे बसल्यावर लक्षात आलं तर तासाभराने उठून कसं निघायचं, नेमकं काय बोलायचं? मला समोरच्याला तोंडावर नाही म्हणता येत नाही, त्यात घरचे म्हणतात गरज आपल्याला आहे, गप कर. आता परत सातपूरच्या एका कंपनीतून कॉल आलाय, १७ तारखेला बोलावलंय, जाऊ की २० नंतरची वेळ मागू?

शिवाय कुणी घरून दोन-तीन छोट्या दुकानदारांचं रिटर्नचं काम करत असेल तर सुरुवातीला पार्ट्या कशा मिळवल्या आणि महिन्याला किती घ्यावेत तेही सांगा. इथे लिहायचं नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तरी चालेल.